आक्कापासून बंडूपर्यंत

सिंगापुरात क्वीन्सटाउनला आमच्या ब्लॉकच्या, म्हणजे इमारतीच्या, मागे गवताचा एक लांबट पट्टा आहे. त्यात ओळीने सात पिवळे खांब रोवलेले आहेत, गुडघ्याएवढ्या उंचीचे. खाली गॅसची पाइपलाइन आहे, खणण्यापूर्वी विचारा, असं प्रत्येकावर लिहिलेलं आहे. आठ वर्षं मी रोज सकाळी त्यांच्या शेजारून एमआरटीच्या, म्हणजे इथल्या मेट्रोच्या, स्टेशनकडे धावतो आहे, आणि मला त्यांना काही विचारावंसं कधी वाटलं नाही. आमच्याच ब्लॉकमधले रिसबूडकाका मात्र त्यांची रोज विचारपूस करतात.

"काय आक्का, बरी आहेस ना?" असं म्हणून ते मार्केटच्या बाजूच्या पहिल्या खांबाला छत्रीचं टोक लावतात. मग वीसेक पावलं चालून, "दादा, नमस्कार." पुढे माई, मग अण्णा, मग ताई, मग नाना. सगळ्यात शेवटचा, आमच्या लिफ्टसमोरचा खांब म्हणजे बंडू. बंडूला नमस्कार नसतो. त्याच्या डोक्यावर एक टपली आणि "काय रे?" एवढंच.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, काका फोनवर बोलताहेत. हल्ली कानात काहीतरी घालून माणसं हवेशी बोलतच असतात. म्हणून मी जरा वाकून त्यांच्या कानाकडे पाहिलं. कानात केसांखेरीज काही नव्हतं.

"काका, ही आक्का कोण?" मी विचारलं.

"मानाने सगळ्यात मोठी. ऑन रेकॉर्ड असू द्या," एवढं म्हणून त्यांनी छत्री उघडली आणि ते निघून गेले. तेव्हा ऊनही नव्हतं आणि पाऊसही नव्हता.

'ऑन रेकॉर्ड असू द्या' हे त्यांचं पालुपद. चहात साखर कमी आहे हे ते ऑन रेकॉर्ड ठेवतात. लिफ्ट सहाव्या मजल्यावर किंचित धक्का देते हेही. एकदा माझ्या बायकोने, मृणालने, त्यांना उपम्याबद्दल विचारलं तर म्हणाले, "उत्तम झालाय, पण मोहरी नीट तडतडलेली नाही. दोन्ही ऑन रेकॉर्ड असू द्या." त्यानंतर आमच्याकडे त्यांना बिस्किटं मिळत.

काकांचं वय चौऱ्याहत्तर. उभी हयात गॅसच्या पाइपा टाकण्यात गेली, आधी गुजरातेत आणि मग सिंगापुरात. इथे येऊन त्यांना तीस-बत्तीस वर्षं झाली असतील, पण हे बेट वरून कसं दिसतं याच्याशी त्यांना फारसं कर्तव्य नाही. पाहुण्यांना घेऊन सगळे जण उंच इमारती दाखवायला जातात. काकांनी माझ्या सासऱ्यांना भर दुपारी एका चौकात उभं केलं आणि त्यांच्या चपलांखाली कोणकोणत्या व्यासाच्या किती पाइपा आहेत ते सांगितलं. सासरे पुढचे दोन दिवस पाय उचलून टाकत चालत होते.

पाइपलाइनचा उल्लेख ते 'ती' असाच करतात. माझी मुलगी ईरा लहान असताना त्या गवतावर दोरीच्या उड्या मारायची. तेव्हा काका ओठांवर बोट ठेवून म्हणाले, "हळू गं. खाली ती झोपलीय." ईरा इतकी घाबरली, की पुढे वर्षभर ती त्या गवतावरून चवड्यांवर चालत असे. आता ती दहा वर्षांची आहे आणि काकांना बघून इथल्या इंग्रजीत म्हणते, "पा, युअर पाइप अंकल कमिंग, लाह." माझे अंकल कसे झाले कोण जाणे.

आम्ही फ्लॅटमध्ये राहायला आलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी काका दाढीचा ब्रश आणि साबणाच्या फेसाची वाटी घेऊन दारात उभे होते. मला वाटलं, यांच्या घरातलं पाणी गेलं असावं, म्हणून मी त्यांना बाथरूम दाखवलं. ते तडक स्वयंपाकघरात गेले. शेगडीमागच्या पाइपच्या प्रत्येक सांध्याला त्यांनी ब्रशने फेस लावला आणि गुडघ्यांवर बसून पंधरा मिनिटं एकटक पाहत राहिले. गॅस गळत असेल तर फेसाला बुडबुडे येतात म्हणे. एकही बुडबुडा आला नाही. काका उठले तेव्हा त्यांचा चेहरा परीक्षेत सोपा पेपर आलेल्या हुशार विद्यार्थ्यासारखा हिरमुसला होता. "गळती नाही," ते म्हणाले. "आज तरी नाही."

मृणालचा त्यांच्यावर राग होता तो निराळ्याच कारणासाठी. काकांची बायको, सुमनकाकू, रोज सकाळी मार्केटला जाऊन भाजी आणतात. पिशवी काकूंच्या हातात, आणि काका पन्नास पावलं मागून छत्री हलवत रिकाम्या हाताने येतात. काकू थांबल्या की तेही थांबतात. झाडाआड उभे राहून वर पानांकडे बघतात. "बायकोला ओझी उचलायला लावायची आणि आपण मागून संस्थानिकासारखं चालायचं," मृणाल म्हणायची. "आणि वर सगळ्या जगाला शिस्त शिकवायची."

काकू मात्र अतिशय गोड बाई. कमी बोलतात, भेटल्या की "आई कशी आहे?" असं विचारतात. माझी आई पुण्याला असते आणि ठणठणीत आहे, हे मी त्यांना पुष्कळदा सांगितलं आहे. त्यांचा हात सढळ. एकदा त्यांनी एका दिवसात तीन वेळा चिवडा आणून दिला. सकाळी डबा, दुपारी डबा, संध्याकाळी डबा, आणि तिन्ही वेळा तेच हसू आणि तेच वाक्य: "आज सहज केला होता." तिसऱ्या डब्यामागून काका धापा टाकत आले. "ऑन रेकॉर्ड असू द्या, पोहे जास्त भिजले होते," ते म्हणाले. पातळ पोह्यांच्या चिवड्यात पोहे भिजवत नाहीत, एवढं मलाही कळतं. पण चिवडा फर्मास होता, आणि फुकटच्या चिवड्याची उलटतपासणी करू नये असं माझं मत आहे.

तर असं सगळं बरं चाललं असताना लिफ्टच्या दाराशेजारी एक नोटीस लागली.

मागची जुनी गॅसलाइन बंद करून नवी मोठ्या रस्त्याखालून नेणार होते. खाली पाइप म्हणून इतकी वर्षं त्या पट्ट्यावर कोणी वीट ठेवू शकत नव्हतं. आता पट्टा मोकळा होणार होता. सरकारी आराखड्यात त्याचा रंग हिरवा होता, म्हणजे मोकळी जागा. तो बदलून तिथे बांधकामाला परवानगी द्यावी का, आणि दिली तर कशाच्या, यावर रहिवाशांनी मत द्यावं असं नोटिशीत होतं.

मत द्या म्हटल्यावर काय, आमच्या ब्लॉकला उधाण आलं. एका गटाला गवत हवं होतं. दुसऱ्याला बालवाडी हवी होती. तिसऱ्या मजल्यावरच्या रहीम अंकलना मिरच्यांचा वाफा वाढवायचा होता. आणि मला छप्पर हवं होतं. माझं ऑफिस चांगी बिझनेस पार्कला, म्हणजे बेटाच्या पार दुसऱ्या टोकाला. संध्याकाळी एमआरटीतून उतरल्यावर घरापर्यंतच्या सातआठ मिनिटांत इथला पाऊस मला न चुकता गाठतो. तेव्हा त्या पट्ट्यावरून स्टेशनपर्यंत छप्पर असलेली वाट व्हावी आणि जोडीला दोनचार दुकानं, असा अर्ज मी लिहिला आणि दारोदार फिरून सह्या गोळा केल्या.

रिसबूडकाकांनी अर्ज दोनदा वाचला. "खांबांचं काय?" त्यांनी विचारलं.

"कुठले खांब?"

"सात आहेत."

"ते काढतीलच की काका. खाली पाइपच राहणार नाही, मग वर पाटी कशाला?"

त्यांनी अर्ज घडी करून माझ्या खिशात ठेवला. सही केली नाही. आठ दिवसांनी त्यांचं स्वतःचं निवेदन तयार झालं. पंचवीस पानं, त्यात नकाशे, जोडीला तळटिपा, आणि शेवटी सातही खांबांचे फोटो, पासपोर्टला लागतात तसे, समोरून. पट्ट्याचा रंग हिरवा ठेवा नाहीतर जांभळा करा, बालवाडी बांधा, हत्ती बांधा, त्यांची कशालाच हरकत नव्हती. फक्त सात खांब आहेत त्या जागी राहावेत, एवढीच मागणी होती.

तळमजल्यावरच्या कमिटीच्या खोलीत सभा भरली. कमिटीच्या अध्यक्ष मिसेस ओंग आमच्याच ब्लॉकमध्ये राहतात. नकाशे घेऊन मिस तान नावाची एक तरुण अधिकारी आली होती. पुढच्या रांगेत सुमनकाकू मांडीवर पर्स घेऊन बसल्या होत्या आणि जो कोणी बोलेल त्याच्याकडे बघून कौतुकाने मान डोलवत होत्या.

काका उठले. मिस तानने त्यांना फार नम्रपणे विचारलं, की पाइप रिकामी होणार, मग खांब नक्की कोणासाठी ठेवायचे?

"रिकामी पाइप म्हणजे बेवारस पाइप नव्हे," काका इंग्रजीत कडाडले. "माणूस रिटायर झाला म्हणून त्याच्या दारावरची पाटी काढता का?"

"अंकल, बट द पाइप ऑलरेडी डेड," मिसेस ओंग म्हणाल्या. "डेड पाइप नो नीड नेमप्लेट, लाह."

खोलीत हशा पिकला. काका मग इतिहासावर गेले, सुरक्षिततेवर गेले, पुढच्या पिढ्यांवर गेले. एकही मुद्दा पायावर उभा राहत नव्हता, आणि ते त्यांना आमच्यापेक्षा जास्त कळत असावं, कारण ते सारखे चष्मा पुसत होते. माझी छपराची वाट या बडबडीत वाहून जाणार असं मला दिसायला लागलं. शिवाय सभा पाहिली की माझ्या जिभेला हाड राहत नाही. मी उठलो.

"मी एक तडजोड सुचवतो," मी म्हणालो. "हे सातही खांब उपटून रिसबूड अंकलच्या हॉलमध्ये लावावेत. ते रोज सकाळी त्यांना नावाने हाक मारतात आणि तब्येत विचारतात. घरात असले म्हणजे पावसापाण्याची भानगड नको."

छप्पर कोसळेल एवढे लोक हसले. मिस तानने तोंडावर फाइल धरली. सुमनकाकूही हसल्या, सगळे हसताहेत म्हणून. काकांनी आधी त्यांच्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

"त्याचं कारण असं आहे, की..." ते म्हणाले. मग पुन्हा पुढच्या रांगेकडे पाहिलं आणि थांबले. "नाही. हे ऑन रेकॉर्ड नको."

आणि खाली बसले. इतक्या वर्षांत त्यांनी हे वाक्य उलटं म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं, पण तेव्हा मी टाळ्या घेण्यात गुंग होतो. घरी आल्यावर ईरा म्हणाली, "पा, अंकल ऑलमोस्ट क्राइंग, यू नो." आणि मृणाल, जिचा त्यांच्यावर एवढा राग, तीसुद्धा म्हणाली, "जरा जास्तच बोललास."

महिन्याभराने काम सुरू व्हायची चिन्हं दिसू लागली. जुनी पाइप नक्की किती खोल आहे ते पाहायला एका सकाळी कामगार आले. त्यांनी चौथा खांब उपटून नेला, तिथे खड्डा घेतला आणि भोवती नारिंगी जाळी लावली.

दुसऱ्या दिवशी माझी रजा होती. नऊच्या सुमाराला मी खाली उतरलो, तर काकू मार्केटकडून पिशवी घेऊन येताना दिसल्या. मागे काका नव्हते. मी म्हटलं, चला, आज बिचारीला कोणी मागून हाकत नाही. पिशवी घ्यावी म्हणून मी पुढे झालो आणि थबकलो.

काकू पहिल्या खांबापाशी थांबल्या. पिशवी खाली ठेवली, वाकून खांबाला हात लावला, तो हात कपाळाला लावला. "आक्का," त्या म्हणाल्या. मग पिशवी उचलून पुढच्या खांबाकडे. "दादा." पुन्हा वाकणं, पुन्हा हात. "माई." मोठ्यांच्या पाया पडतात तसं, एकेक करत, अगदी निवांत.

चौथ्या खांबाच्या जागी नारिंगी जाळी होती, आणि जाळीला लागून रिसबूडकाका उभे होते. अंगात नोकरीतलं जुनं पिवळं जाकीट, साइटवर घालतात ते, चमकत्या पट्ट्यांचं. हात शरीराला चिकटवलेले, नजर समोर. खांबाने उभं राहावं तसे ते उभे होते.

काकूंनी त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं. मग चेहरा उजळला.

"अण्णा," त्या म्हणाल्या आणि वाकल्या.

"सुखी राहा," काका म्हणाले. आवाज त्यांचा नव्हता, कोणातरी मोठ्या, जाड माणसाचा होता. "पुढे ताई आहे. जा."

काकू पुढे गेल्या. ताई, नाना. बंडूला त्यांनी वाकून नमस्कार केला नाही. त्याच्या डोक्यावर टपली मारली आणि लिफ्टकडे वळल्या.

काकांनी मला पाहिलं होतं.

"मिरजेचं माहेर तिचं," ते जाकिटाची चेन काढत म्हणाले. "सात भावंडं मोठी, ही आठवी. सणावाराला ओळीने सगळ्यांच्या पाया पडायचं, मोठ्यापासून लहानापर्यंत. क्रम चुकला की आक्का परत पहिल्यापासून करायला लावायची. बंडू दीडच वर्षाने मोठा. त्याला ही कधी वाकली नाही, टपली मारायची. दोन वर्षं झाली, तिला बाकीचं राहत नाही डोक्यात. ब्लॉकचा नंबर राहत नाही. आणि इथले सगळे ब्लॉक एका साच्यातले. पण हा क्रम चुकत नाही तिचा. बंडूनंतर कोण? तर मी, असं म्हणते आणि बरोब्बर घराच्या लिफ्टपाशी येते."

"तुम्ही बरोबर का जात नाही?"

"जायचो की. रागावते. 'मला काय रस्ता माहीत नाही का?' म्हणते. पुढून सांगायला गेलं की घाबरते, म्हणून मी मागून चालतो. तिला वाटतं, ती एकटी जाते. ते तेवढं राहू दे तिच्याकडे."

"आणि सकाळचं ते खांबांशी बोलणं?"

"उजळणी," काका म्हणाले. "मीच विसरलो तर?"

त्या सभेतलं माझं भाषण मला शब्दन् शब्द आठवलं. इतकी स्वतःची लाज मला कधी वाटली नव्हती. मी माफी मागायला तोंड उघडलं तर त्यांनी छत्री वर केली. "कोणाला सांगायचं नाही. तिला कीव केलेली खपत नाही. प्रेशर वाढलं की व्हॉल्व्ह उघडावा, तोंड उघडू नये." मग छत्री खाली करून म्हणाले, "मला हल्ली कधी कधी 'आपण कोण?' म्हणून विचारते. आज निदान अण्णा म्हणाली. अण्णा तिचा फार लाडका होता."

दुसरी सभा पंधरा दिवसांनी होती. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणजे काय हे मला त्या दिवशी कळलं. कारण सांगायचं नाही आणि खांब तर वाचवायचे. मी उठून म्हणालो, की छप्पर हवंच, पण ते जरा बाजूने न्यावं आणि सातही पिवळे खांब जागच्या जागी ठेवावेत.

"मिस्टर सुहास," मिसेस ओंग म्हणाल्या, "लास्ट टाइम यू लाफ अॅट हिम. नाऊ यू ऑल्सो वॉन्ट?"

मग मी जे काही बोललो ते आठवलं की अजून कान तापतात. खांबांचा पिवळा रंग मनाला प्रसन्न करतो, असं मी म्हणालो. लहान मुलांना अंक शिकवायला सात ही संख्या उत्तम आहे, असंही म्हणालो. रहीम अंकलनी विचारलं, की सातच का? दहा का नाहीत? मी म्हणालो, सातच, आणि याच क्रमाने. मागच्या वेळेपेक्षा मोठा हशा झाला. ईराने चेहरा झाकून घेतला. "सो पैसेह, लाह," ती मृणालच्या कानात म्हणाली. म्हणजे बाप असा निघाल्याची तिला लाज वाटत होती. मागच्या रांगेत काका मात्र प्रथमच शांत बसले होते, चष्मा न पुसता.

मिस तान हसली नाही. तिने माझ्याकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं, आणि पुढच्या रांगेत मान डोलवणाऱ्या काकूंकडे बराच वेळ पाहिलं. मग वहीत काहीतरी लिहिलं. महिन्याने निकाल लागला. पट्टा हिरवाच राहणार, दुकानं नाहीत, छप्पर होणार पण कडेने, आणि खांब तसेच राहतील. खड्डा बुजला की चौथाही परत लावून देऊ, असं पत्रात मुद्दाम लिहिलं होतं.

पण खड्डा बुजायला वेळ होता. तोवर काकांची दुहेरी ड्यूटी चालू राहिली. काकू मार्केटमध्ये पोचल्या की हे लगबगीने खड्ड्यापाशी परतून अण्णा होत, आणि त्या पुढे गेल्या की पुन्हा रिसबूड होऊन मागून चालत.

एका शनिवारी सकाळी त्यांचा फोन आला. बाथरूममध्ये पाय मुरगळला होता. "ती नेहमीप्रमाणे निघाली," ते म्हणाले. "जाकीट दाराच्या कडीला अडकवलंय. वाकली की 'सुखी राहा' म्हण. जास्त बोलू नकोस, तुझा आवाज किरटा आहे."

मी जाकीट घातलं आणि जाळीपाशी जाऊन उभा राहिलो. एमआरटीकडे जाणारे ओळखीचे चेहरे माझ्याकडे बघून हसत होते. मी नजर समोर ठेवली.

काकू आल्या. आक्का, दादा, माई. माझ्यापुढे पिशवी ठेवून वाकल्या. मी छाती फुगवून म्हणालो, "सुखी राहा." त्या उठल्या, पण पुढे गेल्या नाहीत. जवळ सरकल्या आणि आवाज लहान केला.

"अण्णा, आज हे मागे नाहीत."

मी हात अंगाला आणखी चिकटवले. जास्त बोलू नकोस, असं बजावलंच होतं.

"रोज असतात. त्या झाडाआड थांबतात, छत्रीचं टोक दिसतं. मी वळून बघत नाही. त्यांना वाटतं, मला ठाऊक नाही. वाटू दे." त्यांनी पदर सारखा केला. "मला घर सापडत नाही रे कधी कधी. पण हे मागे आहेत म्हटलं, की भीती वाटत नाही. आज बरं नाही का त्यांना? तू बघून ये. आणि मी बोलले म्हणून सांगू नकोस हं."

"नाही सांगत," मी म्हणालो. आवाज किरटाच निघाला, पण त्यांनी माझ्या दंडावर थोपटलं आणि पिशवी उचलली. मी पन्नास पावलं मागून चालत राहिलो. ताई, नाना. बंडूला टपली. लिफ्टचं दार बंद होईपर्यंत मी झाडाआड पानांकडे बघत उभा होतो.

फोन वाजला. काकांचाच.

"पोचली वर. काही बोलली का?"

"नाही काका."

"ऑन रेकॉर्ड?"

"ऑन रेकॉर्ड. काही बोलल्या नाहीत." मग मला राहवेना. "पाय लवकर बरा करा काका. तुम्ही मागे नसलात की चुकल्यासारखं वाटतं."

"कोणाला?"

"मला," मी म्हणालो.